पट्टी उतरली

गेले तीन आठवडे गुनेल नुसतंच तोंड उघडत होती. वसंतगीतातला तो उंच सूर आला की ओठांचा चंबू करायचा आणि शेजारणींना गाऊ द्यायचं. तीस वर्षं पहिल्या रांगेत, डाव्या टोकाला मिरवल्यावर अठ्ठावन्नाव्या वर्षी ही चोरी! त्यात गायनमंडळाच्या नव्या प्रमुखबाईंनी, इल्वाने, फर्मान काढलं: एप्रिलअखेर स्वीडनभर पेटणाऱ्या वालबोर्गच्या होळीआधी एकेकाला बोलावून आवाज तपासणार.

गुनेलने तडक दवाखाना गाठला. "घशासाठी काहीतरी द्या."

डॉक्टरीणबाईंनी घसा पाहिला. "ठणठणीत आहे. पाळी गेली की इस्ट्रोजेन कमी होतं, आणि काही जणींचा आवाज जाड होऊन खाली येतो. आजार नाही हा, वय आहे."

"म्हणजे मी म्हातारी?"

"म्हणजे तुम्ही अठ्ठावन्न."

या उत्तराचा राग तिला घरापर्यंत पुरला. नवऱ्याला मात्र तिने ताकास तूर लागू दिली नाही. सिक्स्टेन म्हणजे खर्जवाल्यांचा म्होरक्या, उभा राहायचा पार उजव्या टोकाला. बायकोचा वरचा सूर गेला हे कळलं तर चिडवून जीव खाईल. तशी हल्ली त्याला स्वतःच्याच सर्दीतून सवड नव्हती. महिना झाला, सर्दी हटेना.

तपासणीला इल्वा पियानोवर एकेक सूर वर चढत गेली. चौथ्यालाच गुनेलचा आवाज फाटला. मग इल्वा खाली उतरली, आणखी खाली, आणि तिच्या भुवया वर गेल्या. "गुनेल, तुम्ही पुरुषांच्या वरच्या पट्टीत या. तिथे दोघंच उरलेत, त्यातल्या एकाला ऐकू येत नाही."

गुनेल डोळे पुसत बाहेर आली. पुढची पाळी सिक्स्टेनची. दाराआडून तिने ऐकलं: खर्ज लागेना, नुसतीच हवा.

"सर्दी नाही ही, सिक्स्टेन," इल्वा म्हणाली. "सत्तरीत पुरुषांचंही हार्मोन उतरलेलं असतं. आवाज पातळ होतो, वर चढतो."

तो लाल कानांनी बाहेर आला. "हाकललं मला. वरच्या पट्टीत."

"मलाही," गुनेल म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. "उगाच महिनाभर नाक शिंकरत बसलास की रे!"

"आणि तू? मासोळीसारखं तोंड उघडझाप करत होतीस, ते दिसत नव्हतं होय मला?"

होळी पेटली तेव्हा दोघं आयुष्यात पहिल्यांदा गाताना शेजारी उभी होती. पहिलं कडवं संपलं आणि सिक्स्टेन गायचंच विसरला.

"अगं, काय गोड गातेस तू! इतकी वर्षं त्या टोकाला मला ऐकूच आलं नाही."

"गप्प बस आणि गा," गुनेल म्हणाली. तिने तोंड उघडलं, आणि आता आवाजही निघत होता.