पुलावरच्या फाटकाची घालमेल

मी एक जुने फाटक आहे, मित्रांनो. दोन देशांच्या सीमेवरून वाहणाऱ्या नदीवर एक पूल आहे, त्याच्या अलीकडच्या टोकाला मी उभे असे. आता चौकीमागच्या गवतात आडवे पडले आहे. पण पडल्या जागीही मला स्वस्थता नाही.

दोन्ही देशांत ये-जा खुली करण्याचा करार झाला तेव्हा आम्हा जुळ्या भावंडांना एकाच कारखान्यात घडवले, एकसारखे लाल-पांढरे पट्टे दिले. मला या काठावर बसवले, माझ्या जुळ्याला त्या काठावर. उद्घाटनाला आलेल्या मंत्र्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "किती हलकं उचललं जातं हो!" म्हणाले. मग काय, दिवसभर वर-खाली, वर-खाली! भाजीवाले, शिक्षिका, माहेरी निघालेल्या लेकी, रडून घर डोक्यावर घेणारी तान्ही मुले, साऱ्यांना मी वाट दिली. पहारेकऱ्याला सगळे मामा म्हणत, आणि तेही कुणाला नुसते 'चला पुढे' न म्हणता घरची खुशाली विचारत.

पुढे नदीच्या पाण्यावरून दोन्ही देशांचे बिनसले. करार स्थगित झाला आणि मामांनी मला खाली ओढून कुलूप घातले. तेव्हापासून माझी घालमेल सुरू झाली.

आमच्या काठावर शिवणकाम करणारी एक बाई राहत असे. तिची मूत्रपिंडे निकामी झाली होती. डायलिसिसचे जवळचे इस्पितळ पुलापलीकडे. पूल बंद झाल्यावर तिची सून तिला बसने लांबच्या शहरात नेऊ लागली. दर खेपेला ती जास्तच खचून परते. पाय सुजलेले, चेहरा पांढराफटक. मला वाटे, झटक्यात उठावे! पण फाटकाला स्वतःहून उठता येत नाही, मित्रांनो.

इकडे पलीकडच्या देशाने अनेक देशांनी मिळून स्थापलेल्या न्यायालयात दाद मागितली. एका दुपारी चौकीतला रेडिओ बोलला: अंतिम निकाल लागेपर्यंत दोन्ही देशांनी आजाऱ्यांना पुलावरून जाऊ द्यावे.

थोड्याच वेळात सून सासूला चाकांच्या खुर्चीत बसवून धापा टाकत आली.

"मामा, ऐकलंत ना? उघडा!"

"ऐकलं गं. पण मला वरून लेखी काही आलं नाही."

"न्यायालयाच्याही वर कोण बसलंय?"

मामांनी साहेबांना फोन लावला. साहेबांचा आवाज मलाही ऐकू आला. "हे बघ, मी हो म्हटलेलं नाही. आणि नाही असंही म्हटलेलं नाही." फोन बंद.

"आता ह्याला काय आदेश म्हणायचं?" मामा पुटपुटले.

तोच सासू कशीबशी म्हणाली, "राहू दे गं. माझ्यापायी त्यांची नोकरी जायची."

मामांनी तिच्याकडे पाहिले. मग खिशातून किल्ली काढली. मी कुरकुरत वर गेले. आनंद होण्याआधीच धडकी भरली, कारण पुलाच्या त्या टोकाला माझे जुळे खालीच होते.

"ओ दादा!" मामा ओरडले. "आजारी माणूस आहे!"

"माझ्याकडे लेखी नाही!" पलीकडचा पहारेकरी ओरडला.

"माझ्याकडे तरी कुठं आहे?"

तो आभाळात उभ्या असलेल्या माझ्या पट्ट्यांकडे बघत राहिला. पुलाच्या मधोमध सून थबकली. सासूने डोळे मिटले होते. आणि माझे जुळे हलले!

संध्याकाळी दोघी सुखरूप परतल्या. दुसऱ्या दिवशी आणखी आजारी आले. फाटके एकदा उघडलेली पाहिल्यावर बंद करण्याची नामुष्की कोणालाच नको होती. दोन्ही सरकारांनी जाहीर केले, 'आम्ही न्यायालयाचा मान राखला.' मामांना मात्र लेखी हुकमाआधी कुलूप काढल्याबद्दल दूरच्या गोदामात धाडले. ते निघाले तेव्हा त्या बाईने त्यांच्या सदऱ्याची उसवलेली बाही बसल्या जागी शिवून दिली. "नव्या साहेबापुढं नीट दिसा," म्हणाली. मामा हसले आणि बाही सारखी करत निघाले.

नंतर करार पुन्हा झाला आणि माझ्या जागी बटणावर चालणारे फाटक आले. मी गवतात आले. आता नवा वाद पेटला आहे. नवे फाटक कित्येक महिने खालीच आहे. इथून मला त्याचा सांधा दिसतो, त्यावर तांबूस डाग धरू लागलेत. न्यायालयात पुन्हा सुनावणी सुरू आहे म्हणे. पण निकाल आला आणि सांधाच हलेना, तर?

मित्रांनो, वापरून वापरून फाटक झिजते खरे, पण बंद ठेवून ते त्याआधी गंजते. मोठे लोक भांडत असतील तेव्हाही कुणीतरी त्या सांध्याला तेल घाला. अधूनमधून ते वर-खाली करून बघा. आणि हे काम माझे नाही असे तुम्हाला वाटले, तर एवढेच सांगते, ते माझ्याच्याने होत असते, तर मी कधीच उठले असते.