दहापर्यंत मोजायचं

ठमी साडेतीन वर्षांची झाली तरी तोंडातून चकार शब्द काढत नव्हती. कान तपासून झाले, ते ठणठणीत निघाले. तशी तिला शब्दांची गरजच काय होती म्हणा! तिने नुसती मान वळवली की आई पाण्याचा पेला घेऊन हजर. या मन ओळखण्याचं घरात सगळ्यांना कौतुक होतं. वाचाउपचारवाल्या बाईंनी ते पहिल्याच दिवशी मोडीत काढलं.

"तुम्ही फार हुशार आहात, हीच अडचण आहे," बाई म्हणाल्या. "जरा मख्ख व्हा. तिनं खुणावलं की काही कळलंच नाही असा चेहरा करायचा आणि मनात दहापर्यंत मोजायचं. मधे बोलायचं नाही, हलायचं नाही. तिला बोलायला जागा द्या."

बोललेला शब्द लिहून ठेवायला त्यांनी एक वही दिली. आठ महिने ती वही कोरी राहिली. आईला एकच शब्द ऐकायचा होता, 'आई'. सुरुवातीला ती कानात प्राण आणून मोजायची. मग तेही संपलं. नवरा म्हणायचा, "मख्ख चेहरा छान जमलाय तुला. माझ्याशी बोलतानाही तोच असतो." तिला हसू यायचं नाही आणि रागही यायचा नाही. आत सगळं बधिर झालं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यात तिला थोडं बरंही वाटत होतं.

मंगळवारी दुपारी ती ओट्यापाशी भाजी चिरत होती. ठमी तिच्याकडे पाठ करून, चमच्यांच्या खणाला पोट टेकवून उभी होती. "ऊं, ऊं" सुरू झालं. चमचा हवा असणार. आईने सुरी खाली ठेवली आणि मोजायला लागली. ऊं-ऊं चढत गेलं, तरी मोजणं चालूच राहिलं. सांगितलेलं काम मन लावून करणाऱ्यांपैकी ती होती. सातला ठमी म्हणाली, "आई."

अगदी स्पष्ट म्हणाली.

"काय म्हणालीस? परत म्हण!" आई टाळ्या वाजवत सुटली. "ठमे, परत म्हण ना!"

मग तिला खणात चेंगरलेलं बोट दिसलं.

गुरुवारी बाईंनी ठमीचं काळंनिळं नख पाहिलं, सगळी हकिगत ऐकली आणि वही उघडली.

"लिहिलं नाहीत?"

"हा शब्द धरायचा का?"

"लागलं की आपण सगळेच 'आई गं' म्हणतो. तसं नुसतं तोंडातून निघालेलं मी धरत नाही." बाईंनी पेनाचं टोपण काढलं. "तुम्हाला काय वाटतं? दुखलं म्हणून निघालं, की हाक होती?"

ठमी कोपऱ्यात ठोकळे रचत बसली होती. 'दुखलं म्हणून' एवढं म्हटलं असतं तर शब्द गेला असता, पण दोषही गेला असता. आईने त्या नखाकडे पाहिलं.

"हाक होती," ती म्हणाली. "लिहा. मी यावं म्हणून म्हणाली ती. मी गेले नाही."