हिरडीखाली गाडलेला

मी बोलतोय जबड्याच्या हाडातून. दाताच्या मुळाच्या जागी बसवतात तो टायटेनियमचा स्क्रू मी. माझ्यावर दात नाही, येणारही नाही. का, ते ऐका.

फोर्तिनो ओआहाका प्रांताच्या डोंगरातल्या आपल्या गावच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. सण असो की मयत, बँड हवाच. ते गावकीचं काम, त्याला रजा नाही. ट्रकच्या फळीवर आपटून त्याचा पुढचा दात गेला आणि सूर फाटला.

शहरात एकाच इमारतीत दोन डॉक्टर. खाली बाल्देरास, स्क्रू बसवणारे. वर क्विरोसबाई, त्यावर दात चढवणाऱ्या. मध्ये जिना. एकमेकांसाठी तो जिना दोघांनीही कधी वापरला नाही.

बाल्देरासांनी हाड जाड दिसलं तिथं मला पिळून बसवलं. हाड तिरकं, म्हणून मी तिरका. माझं तोंड ओठाकडे. पण हाडानं मला घट्ट धरलं.

मग बाईंनी दात चढवला. फोर्तिनोला हसायला लावलं, चावायला लावलं. ट्रम्पेट आण, फुंकून दाखव, हे एकाही शहाण्याला सुचलं नाही. तोही बोलला नाही. त्याच्या गावात डॉक्टरसमोर वाद्य काढणं म्हणजे आगाऊपणा.

तालमीत पहिल्याच फुंकरीला ओठ कापला.

"दात आहे की खुंटी?" बँडमास्तर म्हणाला. "टोपी अडकव तिला."

बायको एउलालिया त्याला घेऊन शहरात आली.

बाल्देरास म्हणाले, "हाड होतं तिथं बसवला. वर विचारा."

बाई म्हणाल्या, "स्क्रूच वाकडा. खाली विचारा."

एउलालियानं बाईंचा हात धरला आणि त्यांना जिन्यानं खाली आणलं. "बसा समोरासमोर. निरोप काय माझ्या नवऱ्याच्या तोंडातून पाठवता?"

फोर्तिनोनं ट्रम्पेट ओठाला लावलं. तेव्हा कुठे दोघांनी वाकून पाहिलं, दात ओठात कसा रुततो ते.

मला उपटलं तर हाड फुटणार होतं. म्हणून माझ्यावरचा दात काढून मला हिरडीखाली गाडलं. शेजारचे दोन धडधाकट दात तासले आणि त्यांच्यावर मधला दात तोलून धरणारा ब्रिज बसवला. त्या दोघांनी कुणाचं काय बिघडवलं होतं?

डॉक्टरांनो, हाडाला भोक पाडण्याआधी तो जिना चढा.

सणाला फोर्तिनो पुढे उभा राहून वाजवतो. सूर हाडातून माझ्यापर्यंत येतो. तो सूर शेजाऱ्यांनी पेललेला आहे. मी नुसता ऐकतो.