अडीचशे घोड्यांचा अर्धा तास

दुष्काळाचा तो दुसरा उन्हाळा. करमाडजवळच्या तात्यासाहेबांच्या गावाला चार दिवसांनी एकदा टँकर येई, आणि तात्यासाहेबांच्या दारात अडीचशे हॉर्सपॉवरची जर्मन डिझेल गाडी उभी असे. यात विसंगती कुणालाच दिसत नव्हती. जमीन औद्योगिक वसाहतीत गेली होती, शेजाऱ्यांच्या दारातही तसल्याच गाड्या होत्या. पाण्याचे ड्रम त्यांत मावत नसत, एवढीच काय ती तक्रार.

आता त्या गाडीत पिवळा दिवा लागला होता, ओढ कमी झाली होती आणि ती शहरातल्या शोरूममध्ये आली होती. इंजिन बदलून मिळालं नाही तर गाडीला बैल जुंपून, पुढे बँड लावून ती गावभर मिरवू, असं तात्यासाहेबांनी सरबत पिता पिता जाहीर केलं. मॅनेजर हिमांशूने ते दृश्य डोळ्यांसमोर आणलं आणि ताबडतोब इंजिन उघडायचा हुकूम दिला.

नीरजा आडवी आली. डिझेल इंजिनांचं शिक्षण घेतलेली ती वर्कशॉपमधली एकुलती एक बाई. दोन वर्षांत तिला सर्वांत जास्त काम मिळालं होतं ते ग्राहकांच्या बायकांना चहा विचारण्याचं. इंजिन ठणठणीत आहे, ती म्हणाली, धुराच्या वाटेवरचा फिल्टर काजळीनं भरलाय. वीस मिनिटं न थांबता गाडी दामटली की तो तापतो आणि काजळी आपली आपण जळते. हिमांशू म्हणाला, ठीक. आज दिवा विझला तर तू वर्कशॉपमध्ये. नाही विझला तर सोमवारपासून स्वागतकक्षात.

तिने तात्यासाहेबांना विचारलं, गाडी चालवता कशी? त्यांनी अभिमानानं सांगितलं. चाळीसच्या वर कधी नाही. नव्या बैलाला कुणी पहिल्याच वर्षी नांगराला जुंपतं का? आणि रोज सकाळी सहाला इंजिन चालू करून अर्धा तास जागेवरच ठेवायचं. विहिरीवरचं आठ हॉर्सपॉवरचं इंजिन त्यांनी पस्तीस वर्षं सहालाच चालू केलं होतं. विहीर आटली, मग जमीन गेली. सहा मात्र रोज वाजत.

नीरजाला रोग कळला. हे इंजिन इतकं काटकसरी, की उभ्या उभ्या धड तापतही नाही.

"तात्या, हा बैल कामानं थकलेला नाही. बसून बसून आजारी पडलाय."

तात्यासाहेबांना हे पटलं नाही, पण ओळखीचं वाटलं. स्टिअरिंगला दुसऱ्याचा हात मात्र लावू देणार नव्हते. तेव्हा चालवायला ते बसले, शेजारी ती.

जालना रोडवर काटा नव्वदला गेला. पहिली पाच मिनिटं तात्यासाहेब ओठांतल्या ओठांत रामरक्षा म्हणत होते. दहाव्या मिनिटाला रामरक्षा थांबली. एवढ्या वेगात एवढी शांतता असते, याचा त्यांना किंचित राग आला असावा. बाराव्या मिनिटाला करमाडच्या औद्योगिक वसाहतीची कंपाउंड वॉल आली. आत कारखान्याची पाण्याची उंच टाकी. काटा ऐंशीला आला, मग सत्तरला.

"पाय काढू नका, तात्या."

"इथं थांबतो मी नेहमी."

"आज नाही."

"माझी विहीर होती तिथं."

नीरजाला सांत्वनाची दोन-तीन वाक्यं सुचली. ती म्हणायला वेळ नव्हता. फिल्टर गार पडला की पुन्हा पहिल्यापासून, आणि पुन्हा म्हणजे सोमवार.

"होती. आता नाही. पाय दाबा."

असं त्यांच्याशी त्यांच्या पत्नी मनकर्णाबाईही कधी बोलल्या नव्हत्या. तात्यासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. पाय तळापर्यंत दाबला. अडीचशे घोडे पहिल्यांदाच एकदम उठले, दोघांच्याही पाठी सीटला चिकटल्या, आणि भिंत मागं गेली.

"लई जोर हाय की गं हिच्यात," ते हळूच म्हणाले.

बदनापूरच्या अलीकडं दिवा विझला. त्यांचा पाय ब्रेककडं निघालेला पाहून नीरजा म्हणाली, अजून पाच मिनिटं. ती पाच मिनिटं पुरी झाल्यावरच तिने हिमांशूला फोन केला आणि इंजिन उघडायला काढलेले पाने जागेवर ठेवायला सांगितले.

मग तात्यासाहेबांनी गाडी कडेला घेतली. बराच वेळ त्यांना काहीतरी विचारायचं होतं.

"मग सकाळी सहाला म्या करायचं काय?"

"निघायचं. जालन्याला जाऊन परत यायचं. मधे थांबायचं नाही."

"जालन्यात काय हाय?"

"काही नाही."

तात्यासाहेबांनी विचार केला. "चहा तर मिळत आसंल," म्हणाले.