सोमवारची आमटी

"संयोगिता, दुसरं काय बी सुटू दे, पण सोमवार सोडू नगंस." सासूबाईंनी, मनुबाईंनी, शेवटच्या दुखण्यात तिचा हात धरून सांगितलं होतं.

आणि सुटलं तरी किती, मनुबाईंच्या डोळ्यांदेखत आणि त्यांच्या माघारीही! तासगावला बेदाण्याच्या शेडवर निवडायला जायची. धुळीनं खोकला धरला, ते सुटलं. आष्ट्यात शिलाई मशीन घेतली, तर बायका तयार कपड्यांकडे वळल्या. सांगलीत एका आजारी आजींची सेवा केली. आजींनी डोळे मिटले, तसं तेही घर परकं झालं. "हिच्या पायाला भिंगरी हाय," भावकीतल्या बायका म्हणायच्या. संयोगिता हसून घ्यायची. कामं बदलत गेली, सोमवार मात्र तसाच राहिला. दिवस मावळून शंकरापुढे दिवा लागेपर्यंत तोंडात कण जायचा नाही.

शेवटी गावच्या शाळेत पोरांचा आहार शिजवायचं काम मिळालं. पहिल्याच दिवशी पंगतीतून "मावशी, भात!" अशी हाक आली आणि तिला वाटलं, आता इथून हलायचं नाही.

त्या सोमवारी घोटाळा झाला. वाढण्याआधी चव बघणाऱ्या बाई रजेवर होत्या. जोडीच्या हरणाबाईंनी आमटीत मीठ टाकलं. ते ठाऊक नसल्यानं संयोगितानंही टाकलं. चाखणार कोण? दोघींनाही उपवास.

"मावशी, समुद्राचं पाणी आणलंया व्हय?" शिवतेज ओरडला आणि सगळी पंगत खिदळली. पातेल्यात पाणी ओतून झालं, उपयोग झाला नाही. ताटं तशीच उठली. पहिलीतली सोनिया तेवढी बसून होती. एक घास खायची, वर पाणी प्यायची.

"ऱ्हाऊ दे बाळा, लय खारट हाय."

"भूक लागलीया," सोनिया म्हणाली.

संयोगिता तिच्याशेजारी जमिनीवर टेकली. "पुढच्या सोमवारी मी आधी चाखंन, मगच तुला वाढंन."

"देवाशपथ?"

"देवाशपथ."

बोलून गेली आणि मग लक्षात आलं, आपण काय बोललो.

आठवडाभर तिला नीट झोप नव्हती. शनिवारी भांडी घासताना हरणाबाई म्हणाल्या, "अगं, सोमवारी बाई येत्यात की चाखायला. तुला कशाला घोर?"

"देवाचं नाव घेतलंय मी."

"मग चाखून थुकून टाक! उपास बी ऱ्हाईल, शब्द बी ऱ्हाईल."

"अन्न थुकू? आणि पोरांच्या म्होरं?"

"त्या पोरीच्या ध्यानात तरी ऱ्हायलंय का?"

"माझ्या ऱ्हायलंय की, हरणाबाई."

हरणाबाईंनी घासलेलं पातेलं पालथं घातलं. मग पुटपुटल्या, "मनुबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या, कुणास ठाऊक."

तेच तर संयोगिताला कळत नव्हतं. मग सांगलीच्या आजींकडे जायची ते दिवस आठवले. सोमवारीसुद्धा मनुबाई आधी तिच्या हातात आजींचा डबा द्यायच्या. "त्यास्नी येळंवर घाल, मग तुझा देव," म्हणायच्या.

सोमवारी पहाटे तिनं अंघोळ केली, पिंडीवर बेल वाहिला. मनुबाईंच्या फोटोपुढे जरा थांबली.

"आत्या, सोमवार सोडत न्हाई. पळीभर आमटी तेवढी घेणार हाय. बाकी दिवस तसाच."

फोटोला नमस्कार केला, पदर खोचला आणि दार ओढून घेऊन ती शाळेच्या वाटेला लागली.