मुंबईला न गेलेली पेटी

मी एक जुनी आंब्याची पेटी आहे. पण मित्रांनो, माझ्यात आंबे शोधायला येऊ नका. माझ्या पोटात असतात खोकल्याच्या बाटल्या, मलमाच्या नळ्या आणि गोळ्यांची अर्धी कापलेली पाकिटं, सगळ्यांची तारीख उलटलेली. रत्नागिरीतल्या एका औषधांच्या दुकानात, काउंटरखालच्या कोपऱ्यात मी असते.

जन्म माझा मिरजोळ्याचा. ऐन हंगामात तिथल्या सुतारानं मला भराभरा ठोकलं. माझ्याबरोबर ठोकलेल्या सगळ्या बहिणी पेंढ्यात हापूस घेऊन ट्रकनं मुंबईला गेल्या. माझ्या एका फळीला मेली गाठ निघाली, म्हणून बागायतदारानं मला बाजूला काढलं. कितीतरी दिवस मी शेडमध्ये तोंड वर करून पडले होते. मुंबई बघायची केवढी हौस होती मला!

तिथून मला राजश्रीनं आणलं. ती या दुकानाची फार्मासिस्ट. तिचं नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं आहे. तिनं मला धुतलं, वाळवलं आणि लाल रंगानं माझ्या अंगावर ठसठशीत लिहिलं, ‘मुदत संपलेली औषधे. विक्रीसाठी नाहीत.’ कायदाच आहे तसा. मुदत संपलेलं औषध विकायचं नाही, आणि चांगल्या औषधांत मिसळेल असं ठेवायचंही नाही. आंबा नासला तर वासानं कळतो, औषधाचं तसं नसतं. तारीख उलटलेली गोळी दिसायला अगदी कालच्यासारखीच दिसते. म्हणून माझ्यात काही टाकलं की राजश्री त्याचं नाव आणि तारीख माझ्या बाजूला अडकवलेल्या यादीत लिहिते. महिनाअखेरीला घाऊक व्यापाऱ्याचा माणूस येऊन सगळं घेऊन जातो.

लोकांना माझी गंमत वाटायची. येता-जाता कुणीतरी विचारायचंच, “काय गो राजश्री, डझनाला काय भाव?” तिचे सासरे आत्माराम, म्हणजे सगळ्यांचे आप्पा, मात्र माझ्याकडे बघून हळहळायचे. चाळीस वर्षं दुकान चालवलेला माणूस, सुतळीचा तुकडासुद्धा टाकवत नसे त्यांना. “चांगली पेटी फुकट घालवलीस हो,” असं ते महिन्यातून दोनदा तरी म्हणायचेच.

गेल्या मे महिन्यात त्यांना संधी मिळाली. त्यांची बहीण हौसा डोंबिवलीला असते, तिला आंबे पाठवायचे होते. गावात लाकडी पेटी शोधून मिळेना, सगळीकडे पुठ्ठ्याचे खोके. दुपारी राजश्री घरी जेवायला गेली होती आणि दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आप्पांनी माझ्यातली सगळी औषधं दुकानाचं नाव छापलेल्या एका कापडी पिशवीत ओतली आणि पिशवी भिंतीच्या खुंटीला अडकवली. मग माझ्यात पेंढा अंथरला, वर चार डझन हापूस रचले आणि लाल अक्षरांवर डोंबिवलीच्या पत्त्याचा कागद चिकटवला.

खरं सांगते मित्रांनो, त्या घटकेला मी हरखून गेले. पेंढ्याची ऊब, हापूसचा घमघमाट आणि संध्याकाळी मुंबईची गाडी! खुंटीवरच्या पिशवीचा विचार माझ्या डोक्यातही आला नाही.

जेवून आल्या आल्या राजश्रीनं मला दारात पाहिलं. कागदाच्या कडेनं एक लाल अक्षर डोकावत होतं. ती जागच्या जागी थांबली.

“आप्पा, यातली औषधं कुठे आहेत?”

“फेकली नाहीत गो. पिशवीत घालून त्या खुंटीला लावली.”

खुंटी रिकामी होती. त्याच खुंटीला सकाळी राजश्रीनं मालनकाकींच्या महिन्याच्या औषधांची पिशवी लावली होती. काकी मांडवीला राहतात. गुडघ्यांमुळे त्यांना येववत नाही, म्हणून रिक्षावाले भागोजी त्यांची पिशवी पोचवतात. राजश्रीनं भागोजींना फोन लावला.

“आप्पा आंबे रचत होते. खुंटीला दोन पिशव्या होत्या, दोन्ही नेऊन दिल्या की,” भागोजी म्हणाले. “झाला अर्धा तास.”

काकींचा फोन नुसता वाजत राहिला. आप्पांचा चेहरा उतरला.  राजश्रीनं आंबे भराभर काउंटरवर काढून ठेवले आणि मला उचललं.

“पेटी कशाला नेतेस?”

“यादी हिच्यावर आहे. एकेक मोजून आणायचंय. आणि आप्पा, मी येईपर्यंत दुकान बंद ठेवा. कुणालाही काही देऊ नका.”

स्कूटरच्या पायाजवळ बसून मी मांडवीला निघाले. आयुष्यातला माझा पहिला प्रवास, पण मजा कसली? राजश्रीचे गुडघे माझ्या फळ्यांना टेकले होते. माझ्या पोटातली औषधं माझ्यामुळे कुणाच्या पोटात गेली तर, हा एकच विचार मला छळत होता.

काकींच्या अंगणात कोकमं वाळत घातलेली होती. फोन आत कुठेतरी वाजत राहिला असावा. ओसरीवर काकी बसल्या होत्या, मांडीशी त्यांची नात सानवी, सुट्टीला आलेली, सहा वर्षांची. काकींच्या एका हातात खोकल्याची बाटली होती आणि दुसऱ्या हातात भरलेला चमचा. सानवी तोंड घट्ट मिटून मान हलवत होती. औषध कडू असतं म्हणून तिचा हट्ट चालला होता. देव तिच्या त्या हट्टाचं भलं करो.

“काकी, थांबा.” राजश्रीनं चमचा हातातून काढूनच घेतला. “एखादा चमचा गेला का पोटात?”

“कसला जातोय? केव्हाची विनवतेय.” काकी बावचळल्या. “काय झालं गो बाय? काल फोनवर मी म्हटलं ना, सानवी खोकते. तू आठवणीनं पाठवलंस म्हणून बरं वाटलं मला.”

राजश्रीनं बाटली उलटी करून तारीख दाखवली. एप्रिलमध्येच संपलेली.

“काकी, तारीख नाही बघितलीत?”

“तुझ्या दुकानाची पिशवी होती,” काकी म्हणाल्या. “मग तारीख कशाला बघू?”

राजश्री ओसरीच्या पायरीवर खालीच बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून तिनं यादी काढली आणि एकेक वस्तू मोजून माझ्यात टाकली. एकोणीस लिहिलेल्या होत्या, एकोणीस भरल्या. त्यांतली एकोणिसावी ती बाटली. काकींना तिनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, आणि सानवीला डॉक्टरांना दाखवायला सांगितलं.

संध्याकाळी तिनं हा सगळा प्रकार दुकानाच्या वहीत लिहायला घेतला. आप्पा जवळ आले. “लिहू नकोस गो. कुणाला काही झालं नाही. पुढच्या आठवड्यात तपासणीला आले तर लायसन्सवर येईल.”

“येऊ दे. काकी आपल्या पिशवीकडे बघून तारीख वाचत नाहीत, आप्पा. मग आपण तरी खरं लिहायला नको?”

 मग आप्पांनीच पेन मागितलं आणि खाली लिहिलं, ‘चूक माझी. आत्माराम.’ आणि सही केली.

औषध निरीक्षक बाई आल्या तेव्हा त्यांनी ते पान दोनदा वाचलं. राजश्री ताठ उभी होती, आप्पा मागे घाम पुसत होते. बाईंनी लेखी ताकीद दिली, पेटीला झाकण आणि कुलूप लावायला सांगितलं. जाताना म्हणाल्या, “लिहिलंत हे बरं केलंत.” लायसन्स राहिलं. त्या रात्री आप्पा दोन घास जास्त जेवले म्हणे.

आता मला झाकण आहे, कुलूप आहे. एक किल्ली राजश्रीकडे, दुसरी कुणाकडेच नाही, असा आप्पांचाच आग्रह. आंबे पुठ्ठ्याच्या खोक्यातून डोंबिवलीला गेले. हौसाआत्यांचा फोन आला, आंबे गोड आहेत, पण एकदोन आंब्यांना खोकल्याच्या औषधाचा वास कसा काय येतोय? आप्पा मला बघून इतके हसले की ठसका लागला.

मालनकाकी हल्ली भागोजींच्या रिक्षातून स्वतः येतात. चष्मा लावून एकेका पाकिटाची तारीख मोठ्यानं वाचतात. मागची रांग चुळबुळते, पण त्यांचं वाचून होईपर्यंत राजश्री कुणाकडे वळत नाही. मुंबई काही माझ्या नशिबात नाही, आणि खरं सांगू, आता तिची आठवणही येत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी फडताळात मागे एखादी बाटली असेल. कुणी दिली, कुठून आणली, ते राहू दे. आज तिला उजेडात धरा आणि तारीख वाचा. उलटली असेल तर राजश्रीकडे आणून द्या. माझ्यात अजून पुष्कळ जागा आहे.