पिंपांची मोजदाद

तेलाच्या कारखान्याच्या मालकानं आपण होऊन फोन केला आणि यंदाचं ऑडिट तुम्हीच करा म्हणाला, तेव्हा तिला वाटलं, देव आहे म्हणायचा. एरवी देवाशी तिचं फारसं जमत नव्हतं. पण इतक्या वर्षांनी शत्रू आपल्या पायांनी चालत दाराशी येतो म्हटल्यावर कुणाचे तरी आभार मानायलाच हवेत.

तिचे वडील त्याच कारखान्यात हिशेबनीस होते. एका वर्षी शिल्लक मालाच्या यादीवर त्यांनी सही करायला नकार दिला, कारण यादीत होती तेवढी तेलाची पिंपं गोदामात नव्हती. मालकानं चोराच्या उलट्या बोंबा मारल्या. पिंपं कमी आहेत हे खरं, पण ती हिशेबनिसानंच परस्पर विकून खाल्ली, असं सगळ्या बाजारात पसरवून टाकलं. पोलिसांत तो गेला नाही. पोलिसांना पुरावा लागतो, बाजाराला बोभाटा पुरतो. त्यानंतर वडिलांना कुणी दारात उभं केलं नाही. ते गेले तेव्हा खांदा द्यायला चार माणसं जमवताना आईची दमछाक झाली होती, आणि ती दमछाक लेक विसरली नव्हती.

ऑडिटचं काम घेताना एका कागदावर सही करावी लागते. कारखान्याशी आपला नात्याचा, पैशाचा, लोभाचा किंवा वैराचा काही संबंध नाही, असं त्यात लिहून द्यायचं असतं. लग्नानंतर तिचं आडनाव बदललेलं होतं. पापणीही न लववता तिनं सही ठोकली.

आईला हे कळलं तेव्हा ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कुणाची मुलगी ते आधी सांगून टाक. साप मरावा आणि काठीही मोडू नये, असं काहीतरी बघ."

"सांगितलं तर काम जाईल, आई."

"मग जाऊ दे."

लेकीनं ऐकलं नाही. सूड डोक्यात शिरला की कान बंद होतात.

कारखान्याची गोदामं दोन. एक कारखान्याच्या मागे, दुसरं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. सकाळी तिनं मागचं गोदाम मोजलं. मॅनेजर सावलीसारखा मागे होता, पण पिंपांच्या बुडाशी वाकून बघायची हौस त्याला नव्हती. ती वाकत होती आणि प्रत्येक पिंपाच्या बुडाच्या कडेला नेलपॉलिशचा एक ठिपका देत होती. खडू पुसला जातो. हे नेलपॉलिश नणंदेनं भेट दिलेलं, भडक जांभळं, बोटांना लावायची कधी हिंमत झाली नव्हती. शेवटी सत्कारणी लागलं.

मग मॅनेजरनं जेवायला नेलं. आग्रह असा की जावयाला लाजवेल. हे घ्या, ते घ्या, थोडं थांबा, ऊन आहे, घाई काय आहे. ती सगळ्याला हो म्हणत गेली. मीठ बापाच्या वैऱ्याचं होतं, पण घाई तिलाही नव्हती.

दुसऱ्या गोदामात पोचल्यावर ती चपलेचा बंद नीट करायच्या निमित्तानं वाकली. पहिल्याच पिंपाच्या बुडाशी जांभळा ठिपका. शेजारच्याला ठिपका. त्याच्या शेजारच्यालाही. ती जेवत होती तेवढ्या वेळात सकाळचीच पिंपं ट्रकनं इकडे आली होती, पुन्हा एकदा मोजून घ्यायला. वडिलांनी हेच पकडलं होतं. तिला तिथेच टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. ती मुकाट्यानं उठली आणि शेवटच्या पिंपापर्यंत आकडे लिहीत गेली.

दुसऱ्या दिवशी मालकानं तिला केबिनमध्ये बोलावलं. म्हातारा झाला होता, कानात यंत्र होतं, आवाज मात्र लोण्यासारखा. चाकूनं सफरचंदाच्या फोडी करत होता. एक फोड त्यानं तिच्यापुढे सरकवली.

"नाक अगदी बापाचं आहे तुझं," तो म्हणाला. "पहिल्या दिवशीच ओळखलं. खरं सांगायचं तर त्याआधीच. म्हणून तर बोलावलं."

तिनं फोड परत त्याच्याकडे सरकवली.

"बँक मोठं कर्ज देतेय. तिला तुझी सही हवीय. यादी बरोबर आहे म्हणून लिही, आपण दोघं सुखी. बरोबर नाही म्हणून लिही, तर मी बँकेला एवढंच सांगेन, की चोराच्या पोरीनं सूड घेतला. वैर नाही म्हणून खोटं लिहून दिलंयस तू, बाळ. मग तुझ्या ठिपक्यांना कोण विचारतो? हो, ते पण पाहिले मी. रंग छान आहे."

हे त्याचं खरं कसब. कुणी भला ऑडिटर आणला असता तर त्याचं म्हणणं बँकेनं ऐकलं असतं. म्हणून त्यानं अशी निवडली, की जिचं खरंही खोटं ठरावं. तिच्या रागाचीच त्यानं ढाल केली होती, आणि ती ढाल तिनं स्वतः सही करून त्याच्या हातात दिली होती. घरी येईपर्यंत ती त्याला शिव्या देत होती, घरी आल्यावर स्वतःला. आईनं दोन्ही ऐकून घेतल्या आणि मी सांगितलं होतं, असं म्हणाली नाही. ते न म्हणणं जास्त झोंबलं.

चार ओळींचं पत्र देऊन तिनं काम सोडलं. कारण लिहिलं, वैयक्तिक. मालकाला वाटलं, पोरीची दातखीळ बसली. त्यानं लगेच दुसरा ऑडिटर धरला. हा तिच्याच वर्गातला. वर्गात सगळे त्याला थंडोबा म्हणत, कारण त्याला राग येत नसे, लोभ येत नसे, आणि विनोद तर कळतच नसे. फी कमी घेई आणि नियमाबाहेर पाऊल टाकत नसे. असा माणूस गोदामं एकामागून एकच मोजणार, असं मालकानं धरलं.

या धंद्यात एक रीत आहे. दुसऱ्यानं सोडलेलं काम उचलण्याआधी त्याला विचारायचं, बाबा रे, का सोडलंस? भाड्यानं घर घेताना आधीच्या भाडेकरूला विचारावं तसं. बहुतेक जण "हरकत नाही" एवढंच कळवतात आणि सुटतात. तिनं मोकळेपणी बोलावं म्हणून मालकाची परवानगी लागत होती, तीही त्यानं हसत हसत दिली. बोलली तर स्वतःचंच खोटं उघडं करावं लागेल आणि आपल्याच पोटावर पाय कोण मारून घेतं, असा त्याचा हिशेब. स्वतःवरून जग ओळखणाऱ्याची चूक होते ती इथेच.

थंडोबा स्वतः आला. खुर्चीच्या कडेवर बसून त्यानं विचारलं, "हे काम मी घेऊ नये असं काही कारण आहे का?"

"हरकत नाही" एवढं म्हणायचं, की तिची सही, ऑफिस, पंधरा गिऱ्हाईकं, सगळं शाबूत राहणार होतं. ती एक घोट पाणी प्यायली.

"मी त्या माणसाचा द्वेष करते," ती म्हणाली. "माझ्या वडिलांना त्यानं चोर ठरवलं. ते लपवून, खोटी सही करून मी काम घेतलं. तेव्हा माझ्या एकाही शब्दावर विश्वास ठेवू नकोस. फक्त एक कर. दोन्ही गोदामं एकाच वेळी मोज."

थंडोबानं मान हलवली आणि हे लेखी दे म्हणाला. तिनं दिलं. त्याचीच एक प्रत तिनं आपल्याविरुद्धची तक्रार म्हणून व्यवसायाच्या शिस्त समितीकडेही पाठवली.

थंडोबानं काम घेतलं, एकाच सकाळी दोन्हीकडे माणसं उभी केली आणि ट्रक फाटकातच अडवले. पिंपं यादीच्या निम्मीच निघाली. बँकेनं कर्ज तर नाकारलंच, जुनंही परत मागितलं.

समितीपुढे तिच्या सुनावणीला मालक वकील घेऊन आला, थंडोबाची मोजणीही खोटी ठरवायला. ही सगळी सूडबुद्धी आहे, असं वकील घसा ताणून सांगत होता. अध्यक्षबाईंनी थंडोबाला विचारलं, तुमचं काही वैर? तो म्हणाला, मला त्यांचं आडनावसुद्धा कागदात बघावं लागतं. मग त्यांनी तिला विचारलं, सूडबुद्धी होती का?

"होती," ती म्हणाली. "अजून आहे. लिहूनही दिलंय."

वकील खाली बसला. जे उघड करायची धमकी होती, ते उघडंच पडलेलं होतं. तिचा ऑडिटवर सही करायचा अधिकार दोन वर्षांसाठी काढून घेण्यात आला आणि तिनं ते मान खाली घालून ऐकलं, कारण चूक तिचीच होती.

बाहेर जिन्याच्या वरच्या पायरीवर मालक बसला होता. धाप लागलेली, वकील कधीच निघून गेलेला. ती दिसताच त्यानं आधारासाठी सवयीनं हात पुढे केला. तिनं तो हात नीट बघून घेतला आणि कठड्याला धरून खाली उतरली.

खाली बाकावर आई बसली होती. तिच्या गुडघ्यांनी जिन्यांशी केव्हाच काडीमोड घेतला होता.

"मोडली ना काठी?"

"मोडली. दोन वर्षं."

"आणि साप?"

"वर पायरीवर बसलाय. उठवत नाहीये त्याला."

आईनं पिशवी लेकीच्या हातात दिली, पदर खोचला आणि कठडा धरला. "थांब इथेच," ती म्हणाली, "हात देऊन येते."